‘कारण त्याची दया सनातन आहे’ : आणि फारोच्या फौजेचं काय?

उंबरठा

सध्या बायबलच्या जुन्या करारातली स्तोत्रसंहिता वाचतोय. १५० स्तोत्रं, पाच भागांत. श्रद्धेनं नव्हे, कविता म्हणून. तेव्हा धर्मांतर, मिशनरी वगैरे इथे नको, त्यासाठी वेगळे धागे ढीगभर आहेत.

१३६व्या स्तोत्रापाशी गाडी अडली. २६ ओळी, आणि प्रत्येक ओळीचा उत्तरार्ध एकच: ‘कारण त्याची दया सनातन आहे.’ सुरुवात प्रसन्न आहे. आकाश केलं, पाण्यावर जमीन पसरली, दिवसाला सूर्य दिला, रात्रीला चंद्र-तारे दिले. आणि मग (ढोबळ अनुवाद माझा; मिसर म्हणजे इजिप्त, फारो तिथला राजा):

मिसरातली पहिली अपत्यं मारली, कारण त्याची दया सनातन आहे.
फारो आणि त्याची फौज तांबड्या समुद्रात झटकून टाकली, कारण त्याची दया सनातन आहे.
अमोऱ्यांचा राजा सीहोन मारला, कारण त्याची दया सनातन आहे.
बाशानचा राजा ओग मारला, कारण त्याची दया सनातन आहे.

पालुपद काही केल्या बदलत नाही. ही दया नक्की कुणावर? कवीला यातली विसंगती दिसत नव्हती, की दिसूनही त्यानं ती तशीच ठेवली? जाणकारांनी उजेड पाडावा. अजाणांचंही स्वागत आहे.

चकलीबहाद्दर

अजाण हजर! आरतीत मधली कडवी चार जणांना येतात आणि ‘जय देव जय देव’ला अख्खी सोसायटी गर्जते. तसंच असेल. पालुपद म्हणणाऱ्यांचं मधल्या ओळींकडे लक्ष असतं कुठे?

विदा_द्या

@चकलीबहाद्दर, गमतीत म्हणालात, पण रचनेचं उत्तर तेच आहे. एकानं पूर्वार्ध म्हणायचा, जमावानं उत्तरार्ध. हे पालुपद या स्तोत्रापुरतं नाहीच, ते मंदिरातलं ठरलेलं घोषवाक्य होतं. एज्राच्या पुस्तकात (३:११) बाबेलहून परतलेले लोक यरुशलेमच्या मंदिराचा पाया घालतात तेव्हा हेच गातात.

दुसरा उल्लेख मूळ प्रश्नाच्या जास्त जवळचा आहे. २ इतिहास २०:२१. यहूदाचा राजा यहोशाफाट लढाईला निघतो आणि सैन्याच्या पुढे गायक चालवतो. ते गातात काय? ‘परमेश्वराचे स्तवन करा, त्याची दया सनातन आहे.’ म्हणजे रणात म्हणायलाही त्यांना हेच वाक्य चालत होतं. आपल्याला दया म्हटलं की कनवाळू, मऊ असं काहीतरी आठवतं. इथे ती करार पाळणाऱ्याची निष्ठा आहे. तुमच्याशी करार केलाय, तेव्हा तुमच्या बाजूनं उभा राहीन. समोरच्या बाजूला जे होईल ते होईल.

शेवंता

विदा, रचना समजली, पण उंबरठा यांचा प्रश्न नीतीचा आहे. ‘तेव्हा असंच असायचं’ म्हणून तो सुटत नाही.

आणि हा प्रश्न आपल्याला आज पडला असंही नाही. तलमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथात, (मगिल्ला १०ब) गोष्ट आहे. समुद्र दुभंगला, मिसरच्या गुलामीतून पळालेले इस्राएली पार झाले, पाणी पुन्हा मिटलं, मिसरी बुडू लागले. देवदूतांना गाणं सुरू करायचं होतं. देवानं अडवलं: ‘माझ्या हातची निर्मिती समुद्रात बुडतेय आणि तुम्ही गाणं म्हणता?’

देवदूतांना अडवलं, हे लक्षात घ्या. काठावर पोचलेल्या माणसांना नाही अडवलं. निर्गम १५मध्ये मोशे आणि लोक गातात, मिर्याम डफ घेऊन बायकांबरोबर नाचते. जे वाचले त्यांना गाऊ दिलं, जे नुसते बघत होते त्यांना गप्प बसवलं. मला तरी हा भेद मूळ स्तोत्रापेक्षा मोठा वाटतो.

चकलीबहाद्दर

क्या बात! म्हणजे आपण सगळे इथे देवदूतांच्या ग्यालरीत.

नवगावकर

बऱ्याच वर्षांनी लिहितोय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आजोळ अलिबागकडचं, आता मुक्काम इस्रायलमध्ये, अश्दोदला.

१३६वं आमच्याकडे पेसाहच्या, मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री घरोघर म्हणतात, त्याला ‘हल्लेल हगादोल’ म्हणजे मोठी स्तुती असं नाव आहे. आता ती मोठी का? तलमूदमध्येच (पसाहिम ११८अ) हा प्रश्न विचारलाय आणि रब्बी योहाननचं उत्तर असं, की जगाच्या उंचावर बसून देव प्रत्येक जीवाला अन्न वाटतो, म्हणून. हे उत्तर शेवटून दुसऱ्या ओळीवरून आलंय. उंबरठा, ती ओळ तुम्ही दिली नाहीत: ‘जो सर्व देहधाऱ्यांना भाकर देतो, कारण त्याची दया सनातन आहे.’

सर्व देहधारी. त्यात मिसरी आले, बाशानचे आले, गुरंढोरंही आली. मोठेपणाचं कारण सांगताना रब्बींनी समुद्र दुभंगल्याची ओळ घेतली नाही, राजे मारल्याचीही नाही. भाकरीची घेतली.

त्याच रात्री मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावं घेताना पेल्यातल्या द्राक्षारसाचा एकेक थेंब ताटलीत काढतो. बोट बुडवायचं, थेंब टिपायचा, बोट चाटायचं नाही. आज त्याचं कारण सांगतात ते हेच, की दुसऱ्याच्या यातनेतून आपली सुटका झाली, तर आपला पेला काठोकाठ नको. पोरांना मात्र ताटलीत नक्षी काढण्यातच रस असतो.

उंबरठा

@नवगावकर, भाकरीची ओळ वाचली होती, पण ओगच्या रागात पुढे सरकलो. मात्र शंका आहेच. पंचविसावी ओळ एक, मारामारीच्या ओळी कितीतरी.

तांडेल

कवितेतलं मला फारसं कळत नाही, पण मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं म्हणून १०७वं स्तोत्र जवळचं. एका गोवेकर सेकंड इंजिनिअरनं दाखवलं होतं. त्याच्या केबिनमध्ये तेवढंच पान मार्क केलेलं.

त्यात चार प्रकारची माणसं संकटात सापडतात: वाळवंटात वाट चुकलेले, साखळदंडात अडकलेले, अंथरुणाला खिळलेले आणि समुद्रावर व्यापाराला गेलेले. चौघांच्या कहाणीत एक वाक्य जवळपास जसंच्या तसं येतं. संकटात त्यांनी परमेश्वराचा धावा केला आणि त्यानं त्यांना सोडवलं.

समुद्राचा भाग लिहिणारा नुसता किनाऱ्यावर उभा राहिलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो. लाटा आकाशाला चढतात, तळाला उतरतात, माणसं दारुड्यासारखी झोकांड्या खातात ‘आणि त्यांची सगळी अक्कल गिळली जाते’. बिस्केच्या उपसागरात जहाज लोळायला लागलं की अक्षरशः हेच होतं. मेसमध्ये टेबलक्लॉथ पाण्यानं ओला करून अंथरतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. खुर्च्या साखळीनं जमिनीला बांधलेल्या. एका हातानं जेवायचं, दुसऱ्यानं टेबल धरायचं. अशा वेळी सर्टिफिकेटं, अनुभव, सगळं असूनही काही सुचत नाही, ती ‘गिळलेली अक्कल’. मग वादळ शांत झाल्यावरची ओळ येते. पाणी निवलं म्हणून ते आनंदले आणि त्यानं त्यांना हव्या त्या बंदरात नेलं. बास. बंदर दिसलं की आणखी काय पाहिजे?

फारोचं मला विचारू नका. वादळात शत्रू नसतो.

विदा_द्या

तांडेल, जबरी प्रतिसाद! त्यात थोडी भर.

या चार गटांत दोषाचा हिशोब एकसारखा नाही. कैदी बंडखोर होते, त्यांनी देवाचे शब्द धुडकावले, असं स्तोत्र सरळ म्हणतं. आजारी लोक आपल्याच अपराधांमुळे आजारी पडले, असं म्हणतं. वाळवंटातल्या वाटसरूंचा आणि खलाशांचा मात्र काहीच गुन्हा सांगितलेला नाही. तरी चौघांना सोडवणारं वाक्य तेच. म्हणजे धावा ऐकताना ‘कुणामुळे अडकलास?’ ही चौकशी नाही. (आजाराला पाप जबाबदार, हे मला आज पटत नाही, पण कवितेचा ओघ कुठे जातो ते बघा.)

दुसरी गंमत हस्तलिखितांची. याच स्तोत्रात, मुख्यतः समुद्राच्या भागाशी, जुने लेखनिक उलटं ‘नून’ अक्षर काढत. अख्ख्या हिब्रू बायबलात अशी नऊ चिन्हं आहेत, त्यातली सात या एका स्तोत्रात आणि उरलेली दोन गणना १०मध्ये. का, यावर मतमतांतरं आहेत. कंसासारखी खूण असावी, हा त्यातला एक अंदाज.

चकलीबहाद्दर

जहाज उलटल्याची खूण असेल. माझा शोधनिबंध संपला.

नवगावकर

तांडेलसाहेब, तुमचे चार प्रकार आमच्याकडे नियमच झालेत. तलमूद (बराखोत ५४ब) सांगतं की चौघांनी आभार मानायलाच हवेत: समुद्रावरून आलेला, वाळवंट पार केलेला, आजारातून उठलेला, कैदेतून सुटलेला. त्या प्रार्थनेला ‘हगोमेल’ म्हणतात. ती एकट्यानं घरात पुटपुटायची नसते, दहा जणांसमोर म्हणायची. बहुधा सभेत तोरा (धर्मग्रंथ) वाचायला बोलावलं की तेव्हा.

शब्द साधारण असे: अपराध्यांवरही उपकार करणाऱ्या, माझ्यावर सर्व भलं करणाऱ्या देवा, तू धन्य. यावर बाकीचे म्हणतात, ज्यानं तुझं भलं केलं तो तुझं सदैव भलं करो. माझ्या बायपासनंतर मी म्हटली. आवाज फुटेना. मागच्या बाकावरून एक म्हातारे मराठीत ओरडले, ‘अरे बोल की, डॉक्टरनं जीभ पण काढली काय!’ सगळी सभा हसली आणि मग जमलं.

कोकणात नवस फेडायला, सुटकेचे आभार मानायला मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, ताटात फळं, आणि एलियाहू हनावी म्हणजे एलिया संदेष्ट्याचं गाणं. आमच्या पूर्वजांचं जहाज नवगावला फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी आमची मूळकथा. तेव्हा समुद्राचं आणि सुटकेचं आम्हाला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

मांडवीवाला

नवगावकरकाका, मग मशीद बंदरचं सांगाच की. राहू द्या, मीच सांगतो, आमचं दुकान तिथेच होतं.

मशीद स्टेशनजवळ सॅम्युअल स्ट्रीटवर मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे. सॅम्युअल एझिकेल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी, कंपनी सरकारच्या फौजेतले. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०–८४) टिपूच्या कैदेत सापडले, सुटले आणि मुंबईला येऊन १७९६ मध्ये सिनेगॉग बांधलं. त्याला आज ‘शार हरहामीम’ म्हणतात, म्हणजे दयेचं दार. बेने इस्राएल सिनेगॉगला मशीदच म्हणत, स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं असं सांगतात.

सुटकेची गोष्ट अशी सांगतात, की जात कोणती विचारल्यावर यांनी ‘बेने इस्राएल’ म्हटलं. टिपूच्या आईनं तो शब्द कुराणात वाचलेला होता, तिनं रदबदली केली आणि जीव वाचला.

विदा_द्या

सिनेगॉग आणि साल पक्कं. आईची गोष्ट ही परंपरेनं चालत आलेली कथा म्हणूनच घ्यावी.

मांडवीवाला

घेतली. पण कैदेतून सुटल्यावर जो माणूस सिनेगॉग बांधतो, तो तांडेल यांच्या यादीतला दुसरा प्रकार जगलाय, एवढंच म्हणायचं होतं.

वैशाखवणवा

मूड घालवते, माफी. तुम्ही सगळे सुटलेल्यांबद्दल बोलताय. ८८वं स्तोत्र कुणी वाचलंय का?

त्यात कुणी सुटत नाही. माणूस रात्रंदिवस हाका मारतोय, देव तोंड लपवून बसलाय, मित्र लांब गेलेत आणि शेवटचा शब्द ‘अंधार’. त्यानंतर स्तोत्र संपतं. ना आभार, ना पालुपद.

माझा भाऊ बरेच महिने अतिदक्षता विभागात होता. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘सगळं नीट होईल’ म्हणायचा. कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटायचं की होणार नाहीये. तेव्हा कुठूनतरी हे स्तोत्र हाती आलं. धीर वगैरे काही मिळाला नाही. पण अशी कविताही त्यांनी त्याच पोथीत राहू दिली, कुणी शेवटी दोन गोड ओळी चिकटवल्या नाहीत, याचं फार बरं वाटलं. दयेच्या चर्चेत हे एक स्तोत्र धरलंच पाहिजे.

शेवंता

वैशाख, धरलं. आणि मूड वगैरे काही गेला नाही.

४४वंही असंच आहे. तिथे अख्खी प्रजा म्हणते, ‘प्रभू, जागा हो, झोपलास का?’ आणि वर ठणकावून सांगते की आम्ही करार मोडलेला नाही. कैफियतच ती. शेवटची ओळ आहे ‘आम्हाला सोडव’. सोडवलं की नाही, स्तोत्र सांगत नाही.

विदा_द्या

८८वं अपवाद म्हणून उठून दिसतं, कारण बाकीची विलापस्तोत्रं बहुतेक मधेच वळण घेतात. हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) या जर्मन अभ्यासकानं स्तोत्रांचे प्रकार लावले, त्यात विलापाचा गठ्ठा सर्वांत मोठा निघाला.

१३वं बघा, जेमतेम सहा कडव्यांचं. सुरुवातीलाच चार वेळा ‘कुठवर?’ कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार, कुठवर मी झुरायचं, कुठवर शत्रू माझ्यावर वरचढ. आणि शेवटी एकदम ‘मी गाईन, कारण त्यानं माझं भलं केलं’. मधे झालं काय? योआखिम बेग्रिखनं १९३४ मध्ये मांडलं की दोन ओळींच्या मधे पुजारी देवाचा कौल सांगत असणार, ‘भिऊ नको’, आणि तो कौल लेखी स्तोत्रात आला नाही. पुराव्यादाखल १ शमुवेलमधली हन्ना आठवा. मूल हवं म्हणून मंदिरात रडते, एली पुजारी आधी तिला प्यायलेली समजतो, नंतर म्हणतो ‘शांतीने जा’. मूल अजून झालेलं नाही, पण ती जेवते आणि तिचा चेहरा उतरलेला राहत नाही.

सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. काहींच्या मते वळण बोलता बोलता मनातच येतं, पुजारी लागत नाही.

वैशाखवणवा

मला हन्ना पटते. ऐकून घेणारं कुणीतरी भेटलं एवढंच.

चकलीबहाद्दर

मला यांची घासाघीस आवडते. ६व्या स्तोत्रात तो देवाला सांगतोय, मेल्यावर तुझी आठवण कोण काढणार? ३०व्यात: मी खड्ड्यात गेलो तर तुला फायदा काय, धूळ तुझी स्तुती करेल का? म्हणजे ‘शेठ, मला मारलंत तर तुमचंच एक गिऱ्हाईक कमी होईल’.

पालखीमागे

हे अगदी आपल्या करुणाष्टकांसारखं नाही का? तुकोबाही विठ्ठलाशी असेच भांडतात, तुझं देवपण आमच्यामुळे आहे म्हणतात. सगळे संत एकच सांगतात.

शेवंता

भांडणाचा सूर सारखा, हे कबूल. ‘सगळे एकच सांगतात’ यावर मात्र हात आखडता घ्या. तुकोबांना मुक्तीपेक्षा गर्भवास बरा वाटतो, संतसंग मिळाला तर. ६व्या स्तोत्रातल्या कवीला पुढचा जन्म नाही, स्वर्गाची आशाही नाही. त्याच्यापुढे शओल आहे, सगळ्यांसाठी सारखीच मुकी जागा. म्हणून सुटका हवी ती आत्ता, याच अंगाला, याच आठवड्यात. तातडी तिथून येते.

पालखीमागे

हे ध्यानात आलं नव्हतं. सावकाश वाचतो.

शेवंता

आता मूळ प्रश्न, कारण ‘दया कुणावर’ या वादाचं सर्वांत तिखट रूप स्तोत्रसंहितेबाहेर आहे: योना. देवानं निनवे शहराला इशारा द्यायला पाठवलेला आणि उलटा पळालेला संदेष्टा.

मोठ्या माशाच्या पोटात योना जी प्रार्थना म्हणतो (अध्याय २) ते चक्क सुटकेचं स्तोत्र आहे. ‘तुझ्या सगळ्या लाटा माझ्यावरून गेल्या’, शेवाळ डोक्याला गुंडाळलं, डोंगरांच्या मुळापर्यंत खाली गेलो, आणि शेवटी ‘सुटका परमेश्वराकडूनच’. मासा त्याला किनाऱ्यावर ओकतो. इथवर सगळं गोड.

मग निनवे पश्चात्ताप करते, देव तिला सोडतो आणि योना भडकतो. म्हणतो, म्हणूनच मी पळालो होतो! मला ठाऊकच होतं की तू दयाळू, कनवाळू, मंदक्रोध, कृपेनं भरलेला आहेस. हे शब्द त्याच्या पदरचे नाहीत. निर्गम ३४:६मध्ये देव मोशेला आपली ओळख या शब्दांत करून देतो, आणि स्तोत्रांत ती पुन्हापुन्हा येते. स्तुतीचं सूत्र योनानं तक्रार म्हणून वापरलं. स्वतः माशातून सुटला ते चाललं, अश्शूरची राजधानी सुटली ते नाही.

कहर म्हणजे नहूम हा दुसरा संदेष्टा. तोही निनवेबद्दलच बोलतो, सुरुवातीला तेच सूत्र घेतो, ‘परमेश्वर मंदक्रोध आहे’, आणि पुढे म्हणतो की पण दोषी सोडणार नाही, आणि निनवेच्या नाशाचं वर्णन रंगवून करतो. शहर एक, सूत्र एक, निकाल उलटे. दोन्ही पुस्तकं एकाच संग्रहात. उंबरठा, तुम्ही म्हणता ती विसंगती त्यांना दिसत होती. ती घेऊन ते आपापसात भांडत होते.

नवगावकर

योम किप्पूरच्या दुपारी आम्ही योना वाचतो. उपासाच्या दिवशी, सगळे स्वतःसाठी माफी मागत असताना, निनवेला माफी मिळाल्याची गोष्ट. शेवटी देव विचारतो, एक लाख वीस हजारांवर माणसं, ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही, ‘आणि पुष्कळ गुरंढोरं’, त्यांची मी कीव करू नये? योनाचं उत्तर पुस्तकात नाही.

उंबरठा

वाद वाचून १३६ पुन्हा उघडलं. माझं मत पूर्ण बदललं नाही. ओगच्या ओळीवर ‘दया’ म्हणणं मला आजही जमणार नाही. पण २३वी ओळ आता वेगळी दिसली, ‘आमच्या दैन्यात त्यानं आमची आठवण ठेवली’. तोवर सगळं ‘त्यानं हे केलं, त्यानं ते केलं’ चाललेलं असतं. शेवटाकडे येऊन बोलणारा स्वतःविषयी बोलतो, मी खाली पडलो होतो म्हणून सांगतो. वेठबिगारीतून सुटलेल्याला मालकाच्या पडण्यात दया दिसणार. मी कधी वेठीला नव्हतो. शेवंता म्हणतात तसा ग्यालरीतला.

शेवंता

ग्यालरी चकलीबहाद्दर यांची. श्रेय द्या.

चकलीबहाद्दर

धन्यवाद. मानधन कुठे पाठवायचं ते व्यनि करतो.

विदा_द्या

‘सगळ्यांवर दया’ थेट हवी असेल तर १४५:९. परमेश्वर सर्वांना चांगला, त्याची करुणा त्याच्या सर्व कृत्यांवर. हे स्तोत्र वर्णमालेच्या क्रमानं रचलंय, पण प्रचलित हिब्रू पाठात ‘नून’ची ओळ गायब. तलमूद कारण देतं: नूनवरून आमोसच्या पुस्तकातली ‘इस्राएल पडली’ ही ओळ सुरू होते, म्हणून स्तोत्राचा कवी मानलेल्या दाविदानं ते अक्षर गाळलं आणि पुढच्याच ओळीत ‘पडणाऱ्या सर्वांना परमेश्वर सावरतो’ असं म्हटलं. इकडे मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या ११व्या गुहेत १९५६ मध्ये सापडलेल्या स्तोत्रांच्या गुंडाळीत नूनची ओळ आहे! ती मूळची की कुणी नंतर भरलेली, यावर पंडित भांडतायत.

तांडेल

परत नून. एका अक्षरानं किती छळायचं.

पालखीमागे

एक बाळबोध शंका. शेवंताताईंचं ऐकून वाचायला बसलो. माझ्याकडे एका कॅथलिक मित्रानं दिलेली जुनी प्रत आहे. त्यात ८८व्यात अंधार नाहीच, उलट ‘दया सदैव गाईन’ अशी सुरुवात आहे. वैशाखताईंनी सांगितलेलं कुठे सापडेल?

विदा_द्या

८७वं उघडा. ग्रीक आणि लॅटिन परंपरेत ९वं-१०वं एकत्र धरतात, त्यामुळे पुढचे बरेच आकडे एकानं मागे पडतात. या धाग्यावर सगळ्यांनी हिब्रू क्रमांक दिलेत. तुमच्या प्रतीत १३वं म्हणजे १२वं, १०७वं म्हणजे १०६वं आणि १३६वं म्हणजे १३५वं. ६व्याला काही होत नाही. १४८पासून पुढे आकडे परत जुळतात.

पालखीमागे

सापडलं. आभार.